केबिन रोडवरच्या गोण्या आणि गावचा सातबारा

भाईंदर पूर्वेचा केबिन रोड हा काही पाहण्याजोगा रस्ता म्हणून प्रसिद्ध नाही. इथे किल्ला नाही, लेणी नाहीत. लोकलमधून उतरलेला कामगार-कारकून वर्ग संध्याकाळी भाजी घेत घेत घराकडे जातो, तो हा रस्ता. रेल्वेच्या केबिनवरून हे नाव पडले असे म्हणतात. दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, खाली दुकाने, पिठाची गिरणी, दवाखाने, मोबाईल दुरुस्तीचे गाळे, आणि मधून रिक्षांची वाट काढणारी माणसे. आसपासची नवघर, गोडदेव, खारीगाव ही नावे सांगतात की इथे एकेकाळी गावे होती, भाताची खाचरे होती आणि खाडीच्या बाजूला मिठागरे होती. खाचरे इमारतींखाली गेली.

अशा रस्त्यावर उभे राहून शेतीविषयी काय लिहायचे, असे वाचक बंधू-भगिनींना वाटेल. परंतु जरा खाली बघत चाला. कोथिंबीरवाली बाई बसते ती युरियाच्या रिकाम्या गोणीवर. भंगारवाल्याचा पत्रा-पुठ्ठा बांधलेला असतो तो खताच्या गोणीत. गिरणीत दळणाच्या रांगेत ज्वारीची जी पिशवी ठेवलेली असते, तीही पुष्कळदा गावाहून आलेली खताची गोणीच, धुऊन उलटी करून शिवलेली. (खताच्या गोणीत खाण्याचे धान्य ठेवू नये, हे भगिनींना सांगून सांगून आम्ही थकलो. ते असो.) कोणाच्या गोणीवर ‘सुफला’ असते, म्हणजे आपल्या चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्सचे खत, कोणाच्या गोणीवर इफ्को. २०२२ पासून मात्र सगळ्या कंपन्यांच्या गोण्यांवर एकच नाव आले, ‘भारत युरिया’ आणि ‘भारत डीएपी’. मी हिशेब विभागातला कारकून. आकडा दिसला की वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या गोण्यांवर विक्रीची किंमत आणि सरकारचा भार दोन्ही छापलेले असतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या दोन आकड्यांची जी ओढाताण झाली, तिचे परिणाम महाराष्ट्राच्या प्रत्येक भागात वेगळे झाले, आणि त्या प्रत्येक भागातली माणसे आज केबिन रोडवर शेजारी शेजारी राहतात.

आमच्या इमारतीत आणि आसपासच्या चाळींत आपला समाज चारी दिशांनी आला आहे. महाडकडचे आहेत, वाळव्याकडचे आहेत, जालना-परभणीचे आहेत, यवतमाळचे एक कुटुंब आहे. पुरुष मंडळी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत पॉलिशचे काम करतात, कोणी सफाई खात्यात आहेत, कोणी वॉचमन. भगिनी घरकामाला किंवा पॅकिंगला जातात. रविवारी सकाळी जिन्याखाली टेबल टाकून मी त्यांचे अर्ज भरून देतो. पूर्वी जातीचा दाखला आणि मुलांची शिष्यवृत्ती एवढेच काम असे. २०१९ पासून त्यात गावचा सातबारा आला.

खताची सवलत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. खत बनवायला किंवा परदेशातून आणायला जो खर्च येतो आणि शेतकऱ्याला ते ज्या भावात द्यायचे, त्यातला फरक सरकार कंपनीला देते. १९७७ पासून ही रीत चालू आहे. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले. ओरड झाली तेव्हा ऑगस्टमध्ये ती वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना तिच्यातून वगळले. लहान कोण, हे ठरवायचे म्हणजे दाखला आला. खताच्या दुकानात कागद विचारायची सुरुवात तिथे झाली. ती दुहेरी भावाची व्यवस्था टिकली नाही. २५ ऑगस्ट १९९२ रोजी सरकारने स्फुरद आणि पालाश या खतांवरचे नियंत्रण उठवले. युरिया मात्र आपल्याच हातात ठेवला आणि उलट १० टक्क्यांनी स्वस्त केला. डीएपी आणि पोटॅशचे भाव एकदम चढले. शेतकऱ्याने जे स्वस्त तेच जास्त टाकले. देशात नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते पुढच्याच वर्षी ९.५ : ३.२ : १ झाले. शेतकी शाळेत ४ : २ : १ हे चांगले प्रमाण म्हणून शिकवतात.

पुन्हा तोच खेळ १ एप्रिल २०१० पासून झाला. खतातील अन्नद्रव्याच्या किलोप्रमाणे ठरावीक सवलत द्यायची आणि बाकीचा भाव कंपनीने ठरवायचा, असे धोरण आले. युरिया याही वेळी बाहेर. त्यापूर्वी डीएपीची ५० किलोची गोणी पावणेपाचशेच्या आसपास मिळत होती, ती दोन वर्षांत बाराशेच्या घरात गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये कंपन्यांनी १,९०० रुपये भाव जाहीर केला, तेव्हा देशभर गलका झाला आणि मे महिन्यात सरकारला गोणीमागची सवलत ५०० वरून १,२०० रुपये करावी लागली. नंतर ही गोणी १,३५० ला स्थिरावली. युरियाची गोणी २०१८ मध्ये ५० किलोची ४५ किलोची झाली, आणि या ४५ किलोच्या गोणीचा भाव तेव्हापासून २६६ रुपये ५० पैसेच राहिला. २०२२ साली जगाच्या बाजारात तिची खरी किंमत दोन हजारांच्या वर गेली होती, तरीही.

आता हे आकडे केबिन रोडवरच्या शेजाऱ्यांना लावून बघू.

महाडकडच्या आक्का म्हणतात, “आमचं वीस गुंठे भात. दोन गोणी युरिया घेतला की सरलं. महाग काय नि स्वस्त काय?” कोकणात पाऊस एवढा की मोकळा टाकलेला युरिया ओहोळाला जातो. म्हणून तिकडच्या कृषी विद्यापीठाने आणि चारसूत्री पद्धतीने ब्रिकेट, म्हणजे खताच्या गोळ्या, चिखलात खोचायला शिकवले. गोणीवरच्या सवलतीतून आक्कांच्या घराला मिळाले ते चिमूटभर, आणि सुधारणेने गेले तेही चिमूटभर.

वाळव्याकडच्या दादांची गोष्ट निराळी. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. हिशेब केला तर एकट्या युरियाच्या बारा गोण्या. ज्याच्याकडे विहीर, मोटार आणि कारखान्याचा सभासदपणा, त्याच्या रानात सरकारची सवलत अशी बारा-बारा गोण्यांनी जात राहिली. दादांचे वडील मात्र त्याच रानात सालगडी. गोणी त्यांच्या डोक्यावरून गेली, त्यांच्या नावावर कधी आली नाही. दादा सांगतात, नदीकाठची कितीतरी जमीन पाणी आणि खत पाजून पाजून क्षारपड झाली, तिथे आता गवतही धड येत नाही. विजेचेही तसेच. २००४ च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, पुढच्या वर्षी ती बंद झाली. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी पुन्हा मोफत वीज आहे. पंपच नसेल त्याला यातून काय मिळणार, हे वेगळे सांगायला नको.

मराठवाडा आणि विदर्भातल्या कोरडवाहू माणसाला या सुधारणांचा खरा फटका बसला, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण पिकात आहे. तिकडे गेल्या तीन दशकांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीन हवेतला नत्र आपल्या मुळांवरच्या गाठींत धरते. त्याला युरियाची गरज थोडी, स्फुरदाची जास्त. सरकारने स्वस्त ठेवला युरिया आणि मोकळे सोडले स्फुरद. म्हणजे उसाचे खत सांभाळले आणि सोयाबीनचे बाजारावर टाकले. असे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. परंतु दिल्लीत आखलेली रेघ सांगलीत एका जागी पडली आणि जालन्यात दुसऱ्या जागी.

यवतमाळचे काका याला आणखी एक पुरवणी जोडतात. त्यांच्याकडे राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी १९७२ पासून होती. तिच्यात गैरव्यवहार होते, पैसे उशिरा येत, तरी घेणारा ठरलेला होता. २००२ मध्ये ती मक्तेदारी संपली. मग २००८ ची कर्जमाफी आली, तिच्यात दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी होती आणि त्यापुढच्याने ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. काकांच्या घरची आठ एकर कोरडवाहू. “चार एकर बागायतवाला लहान शेतकरी आणि आमी मोठे! आठ एकरात त्याच्या एका एकराएवढंबी पिकत नाही,” असे ते अजून रागाने म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान शेतीवर जो निबंध लिहिला, त्यात हाच मुद्दा आहे. नुसत्या क्षेत्रावरून शेत लहान की मोठे ते ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे आणि श्रम किती मिळतात ते बघावे लागते.

डंकेल प्रस्तावाच्या काळापासून जगभर एक विचार बळावत गेला. खतावर, विजेवर, भावावर सवलत देऊ नका. पैसा थेट शेतकऱ्याच्या हातात द्या. आपल्याकडे फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएम-किसान आली, वर्षाला ६,००० रुपये. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी योजनेतून तेवढीच भर घातली. या पैशाची एक गोष्ट मला आवडते. वाळव्याच्या उसाला आणि मंठ्याच्या कोरडवाहूला रक्कम सारखीच. गोणीने जी विषमता भागाभागांत वाढवली, ती खात्याने थोडी कमी केली, हे मान्य केले पाहिजे. पण गावात शिरल्यावर काय होते, ते आमच्या इमारतीतल्या मंठ्याच्या काकांमुळे मला कळले.

काका स्टीलच्या कारखान्यात पॉलिश करतात. बावीस वर्षे केबिन रोडवर आहेत. जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात त्यांची हाडोळ्याची सव्वातीन एकर जमीन, वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी. सातबाऱ्यावर नाव त्यांचे एकट्याचे. जमीन कसतो चुलतभाऊ. २०१९ पासून दोन हजारांचा हप्ता येतो तो काकांच्या भाईंदरच्या खात्यात. यात काकांनी काही लबाडी केलेली नाही. नियमात असे आहे की कसण्यायोग्य जमीन ज्याच्या नावावर, त्याचे कुटुंब लाभार्थी. आयकर भरणारे आणि चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकर वगळले आहेत. पॉलिश कामगार कुठेच वगळलेला नाही. त्या पैशांतून काकू मुलीच्या क्लासची फी भरतात. आणि तिकडे चुलतभाऊ १,३५० ची गोणी उधार आणतो.

एका रविवारी चुलतभावाचा फोन आला. २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला आहे आणि तो सातबाऱ्याशी जोडलेला आहे. “भाऊ, माझा नंबर निघंना. म्हणतेत तुमच्या नावाला जमीनच नाही.” काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “साहेब, तुम्ही सोबत चला. कागदातलं मला कळत नाही.”

भाईंदरहून लोकलने दादर आणि दादरहून रात्रीची देवगिरी. अनारक्षित डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काका दाराशी गोणपाट टाकून बसले आणि मनमाडपर्यंत झोपले. पहाटे जालना. बियाण्यांच्या कंपन्यांचे आणि लोखंडाच्या कारखान्यांचे हे गाव स्टेशनवरून मात्र अगदी शांत दिसते. एसटीने मंठ्याकडे निघालो. जालना सोडले की काही मोसंबीच्या बागा दिसतात, मग काळी रानेच राने. मृगाचा पाऊस होऊन गेला होता. कुठे ट्रॅक्टरने सोयाबीनची पेरणी चालू होती, कुठे बायका ओळीने सरकी टोबत होत्या. खिडकीतून ओल्या मातीचा वास आला तसे काका सावरून बसले. इमारतीत त्यांना इतके ताठ बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

मंठ्याला उतरून आधी खताच्या दुकानात गेलो, कारण चुलतभाऊ तिथेच रांगेत होता. काउंटरवर अंगठ्याचे यंत्र. मार्च २०१८ पर्यंत देशभर ही पद्धत आली. आधार क्रमांक सांगायचा, अंगठा लावायचा, मग गोणी मिळते आणि सरकार कंपनीला सवलत देते. याला थेट लाभ म्हणतात, पण शेतकऱ्याच्या खात्यात यातला पैसाही येत नाही. थेट आहे ते कंपनीला. तरीही या यंत्रात एक चांगुलपणा आहे. ते सातबारा विचारत नाही. रांगेत एक आजी होत्या. नऊवारी, कपाळ मोकळे, हातात पिशवी. त्यांचे कुटुंब गायरानातली दोन एकर कसते, त्यांच्या सासऱ्यापासून. त्यांनीही अंगठा लावला आणि पाटलाला ज्या भावात मिळाली त्याच भावात युरियाची गोणी घेतली. डीएपी मागितले तर सोबत दुसरे एक औषध घ्यावे लागेल असे उत्तर मिळाले. याला शेतकरी ‘लिंकिंग’ म्हणतात. आजींनी डीएपी सोडून दिले.

मी विचारले, “आजी, किसानचे पैसे येतात का?”

“गोणीला आमचं बोट चालतंय, बाबा. पैशाला चालंना.”

हे मी वहीत लिहून घेतले. गायरानाचा प्रश्न मराठवाड्यातल्या आपल्या वाचकांना सांगायला नको. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो माणसे तुरुंगात गेली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. खताचे भाव वाढले तेच हे वर्ष. कितींच्या नावावर पट्टे झाले आणि किती फाईली कपाटात राहिल्या, ते ज्या त्या तालुक्याला माहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करायला सांगितले, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा नोटिसा निघाल्या. या सगळ्यात आजी दरवर्षी पेरत राहिल्या. त्यांना ना पीककर्ज, ना किसानचा हप्ता. राज्याची एक रुपयात पीकविमा योजना २०२३ ते २०२५ चालली, तेव्हा बीडसारख्या जिल्ह्यांत सरकारी जमिनींवर भलत्यांनीच विमा उतरवल्याची प्रकरणे निघाली. खरोखर कसणारी आजी मात्र त्या कागदात नव्हती.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच लिहिला ते सांगतो. कृषी खर्च व मूल्य आयोगाने २०२० मध्ये शिफारस केली होती की खताची सवलतही शेतकऱ्याच्या खात्यात द्यावी, वर्षाला ५,००० रुपये, दोन हप्त्यांत. ते अजून अंमलात आलेले नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही सूचना चांगली दिसते. युरियाचा अतिवापर थांबेल, चोरटी विक्री थांबेल, मोठ्या बागायतदाराची बारा गोण्यांची मजा कमी होईल, आणि सोयाबीनवाल्यावर झालेला अन्याय काही अंशी भरून निघेल. बी.कॉम. झालेला माणूस म्हणून मला ती पटतेही. पण मंठ्याच्या त्या रांगेत उभे राहून बघितले तर काय होईल? गोणी पूर्ण भावाची होईल. चुलतभाऊ आणि आजी पूर्ण भाव भरतील. आणि पाच हजार रुपये येतील ते केबिन रोडवरच्या काकांच्या खात्यात, किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या एखाद्या खातेदाराच्या. आज कसणाऱ्या भूमिहीनापर्यंत सरकारची जी एकच गोष्ट पोहोचते, ती स्वस्त गोणी. सातबाऱ्याची दुरुस्ती न करता ती काढून घेतली तर सुधारणा होईल ती हिशेबाच्या वहीत.

दुसरीकडे काय केले तेही बघण्यासारखे आहे. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात २०१८ च्या खरिपापासून रयतू बंधू योजना आली, एकरी ४,००० रुपये हंगामाला. ते ऐकून धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात जाऊ द्या अशी मागणी केली होती. पण ती योजनाही खातेदारापुरती. बटाईने कसणारा बाहेरच. ओडिशाने मात्र त्याच काळात कालिया योजनेत बटाईदार धरले आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबालाही शेळ्या, कोंबड्या, अळिंबी अशा कामासाठी १२,५०० रुपये द्यायचे ठरवले. म्हणजे करायचे ठरवले तर यादी सातबाऱ्याशिवायही बनते. आपल्या राज्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची आहे, आणि २०१८ पासून पूर्ण अनुदानाने. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. अडचण अशी की जमीन विकणारा मिळाला पाहिजे. तरी समाजकल्याण कार्यालयात अर्ज करून ठेवायला काय हरकत आहे?

गावात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. बौद्धवाड्यात विहारासमोरच्या लिंबाखाली बसलो. चुलतभावाच्या बायकोने भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. मग कागद काढले. घोळ असा होता की आजोबा वारले तेव्हा वारस म्हणून थोरल्या मुलाचेच, म्हणजे काकांच्या वडिलांचेच नाव लागले. धाकटा तेव्हा मुंबईत गोदीत होता. पुढे काकांचे वडील १९९८ मध्ये गेले आणि नाव काकांचे लागले. धाकट्याची शाखा कागदातून गळाली ती गळालीच; रानातून मात्र ती कधी हलली नाही.

तलाठ्यांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नीट समजावून सांगितले. आजोबांच्या वेळच्या फेरफाराची नक्कल काढा. दोघा भावांचे मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि आज ज्याचे नाव आहे त्याचा जबाब जोडा. त्याने संमती दिली तर सोपे, नाही तर प्रांतांकडे अपील आणि वर्षे. नोंद धरली की पंधरा दिवसांची नोटीस, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. पीएम-किसानमध्ये १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने आलेली जमीन चालत नाही, वारसाने आलेली चालते. तेव्हा ही नोंद खरेदीची नसून वारसाची आहे, हे कागदावर स्पष्ट असले पाहिजे. सामाईक सातबाऱ्यावर प्रत्येक खातेदाराचे कुटुंब स्वतंत्र धरले जाते. म्हणून चुलतभावाचे नाव लागले तरी काकांचा हप्ता बंद होत नाही. हे ऐकून काकांचा चेहरा जरा मोकळा झाला.

पण प्रश्न हप्त्यापुरता नव्हता. काकूंचा भाईंदरहून फोन आला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आला. “सही करू नका. उद्या इथली खोली गेली तर जायचं कुठं? सव्वातीनाचं दीड करून बसाल.” काकू चुकीचे बोलल्या असे मी म्हणणार नाही. ज्यांची शहरातली खोली भाड्याची, त्यांना गावची जमीन पिकत नसली तरी धीर देते. चुलतभाऊ काहीच बोलला नाही. उठून बैलाला पाणी दाखवायला गेला. काका बराच वेळ समोरच्या रानाकडे बघत होते. मग मला म्हणाले, “माझ्या बापाच्या आजारपणात यानंच केलं हो. मी दोनदा आलो.” दुसऱ्या दिवशी सकाळी मंठ्याला जाऊन त्यांनी जबाब लिहून दिला. मी तो वाचून दाखवला, त्यांनी दोनदा ऐकला आणि सही केली.

परतीच्या गाडीत काकांनी कुर्ल्याच्या बहिणीला फोन करून सगळे कौतुकाने सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, “बरं केलंस दादा. आणि माझं नाव?” काकांनी फोन माझ्याकडे दिला. मी खरे ते सांगितले. वडिलांच्या वाट्यात मुलीचा हक्क १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे आणि तो कायदा आपल्या बौद्ध समाजालाही लागू आहे. चुलतभावालाही दोन बहिणी आहेत, एक परतूरला आणि एक नाशिकला. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. दोन पुरुषांनी लिंबाखाली बसून वाटणी केली आणि तिघी बहिणी कागदाबाहेर राहिल्या होत्या, धाकट्याची शाखा राहिली होती तशाच.

पुढच्या रविवारी कुर्ल्याच्या ताई शाळा सोडल्याचा दाखला घेऊन केबिन रोडवर आल्या. परतूरच्या ताईंनी आपला दाखला पोस्टाने पाठवला. नाशिकच्या ताई म्हणतात, मला हिस्सा नको, भावाला राहू दे. तरी नाव लावू आणि मग काय ते त्यांनी ठरवावे, असे मी सुचवले आहे. काकू अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात. अर्ज नव्याने लिहिला. वारस दोनाचे पाच झाले. तो मंठ्याला दाखल झाला असून नोटिशीची मुदत चालू आहे.